मलेरियाचं कल्चर सारखं मरतंय? या चुका टाळा

पुण्यात नवीन जॉईन झालेले पीएचडीवाले हमखास विचारतात, काल कल्चर (लॅबमध्ये माणसाच्या लाल रक्तपेशींत वाढवलेले मलेरियाचे परजीवी) मस्त होतं, आज नुसते काळे ठिपके, ड्रग न घालताच कसं मेलं? बहुतेक वेळा उत्तर कालच्याच स्लाइडवर असतं, ती नीट बघितलेली नसते.

सगळ्यात जास्त कल्चर मरतात ती पॅरासायटेमिया, म्हणजे परजीवी शिरलेल्या लाल पेशींची टक्केवारी, वाढू दिल्यामुळे. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचं चक्र साधारण 48 तासांचं, एक शायझॉन्ट (पेशीतली शेवटची, पिल्लांनी भरलेली अवस्था) फुटला की 16 ते 32 मेरोझोइट, म्हणजे नव्या पेशीत शिरणारी पिल्लं, बाहेर, म्हणजे शुक्रवारी 2 टक्के दिसतंय म्हणून तसंच ठेवून गेलात तर सोमवारी ग्लुकोज संपलेलं, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलेलं आणि मिडिया पिवळट. विसर्जनाला निम्मं शहर बंद असतं, पाषाणला लॅबमध्ये पोचणं अवघड, तेव्हा आधीच ताजं रक्त घालून डायल्यूट करा किंवा फ्रीझ करा. फ्रीझ करताना रिंगच (परजीवीची कोवळी, अंगठीसारखी अवस्था) जास्त हव्यात हं, ट्रोफ (मधली, वाढलेली अवस्था) आणि शायझॉन्ट थॉ करताना, म्हणजे वितळवताना, फुटतात.

सगळे परजीवी एकाच अवस्थेत आणायला वापरतात त्या सॉर्बिटॉलचंही तसंच, 5 टक्के द्रावण, 37 डिग्रीला 10 मिनिटं, आणि तेही रिंग जास्त असतानाच. मोठ्या स्टेजच्या पेशीत ते शिरतं आणि पेशी फुटते, त्यामुळे ट्रोफ भरलेल्या फ्लास्कवर वापरलं तर हातात काहीच उरत नाही.

स्लाइड फिक्स करायच्या मिथेनॉलची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका. हवेतलं पाणी शोषलं जातं आणि लाल पेशींवर चमकदार खड्डे दिसतात, नवख्या डोळ्याला त्या रिंग वाटतात आणि अख्खा काउंट चुकतो. जिम्सासाठी (स्लाइड रंगवायचा रंग) नळाचं पाणी नको, 7.2 पीएचचा बफर घ्या.

मायकोप्लाझ्मा, कल्चरमध्ये घुसणारा एक बारीक जीवाणू, मात्र फार छळतो. मिडिया गढूळ होत नाही, पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, नुसती वाढ मंदावते आणि आपण महिनोन्‌महिने ड्रगला दोष देत बसतो. त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी नियमित करा, दुसऱ्या लॅबमधून आलेलं कल्चर आधी वेगळं ठेवा.

कल्चरला लागणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या गॅसचा सिलिंडर संपला तर घाबरू नका, ट्रेगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये कॅन्डल जारमध्येच (बंद बरणीत मेणबत्ती जाळून ऑक्सिजन कमी करतात) कल्चर वाढवलं होतं.

आणि रक्ताची नवी बॅग, नवा मिडिया, नवा सिरम सगळं एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही, जुन्या बॅगेतलं थोडं शिल्लक ठेवून एक फ्लास्क त्याच्यावर शेजारीच चालू राहू दे.