ट्रॉलीच्या टेललाइटचा जोड असा मारा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कराडच्या बाजूला रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्या रचलेल्या, बाजूनं ऊस बाहेर आलेला. मागचा दिवा बंद असला तर मोटरसायकलवाल्याला ही ट्रॉली दिसते ती थेट अंगावर आल्यावरच. मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ ट्रॉल्यांचा बल्ब चांगला असतो, बिघाड असतो तो जोडात.

मागच्या डिसेंबरात संध्याकाळी एकजण आला. म्हणाला, "मिस्त्री, बल्ब कालच बदललाय, तरी लागत नाही. करंट तर येतोय, मी मीटर लावून बघितलं." मीही मीटर लावला, १२.३ व्होल्ट दाखवत होता. मग दांडीखालचा काळ्या टेपचा गोळा ब्लेडनं कापला. आत टेपचा चिकट गम वितळून वायरीवर पसरलेला आणि तांब्यावर हिरवा कळंक चढलेला. दोन वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या. बोटानं जरा ओढल्या तर सगळ्या तारा भुगा होऊन हातात आल्या, एकच केसाएवढी तार जुळून राहिली होती.

त्या एका तारेतून मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. पण ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि ते मागताक्षणी व्होल्टेज त्या कुजक्या जोडातच संपतं. म्हणून तपासायचं ते लोड देऊन. जुन्या होल्डरात २१ वॅटचा बल्ब बसवा, त्याला दोन लांब वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प. तो जिथं लख्ख पेटतो तिथवर लाइन चांगली. जिथं मंद होतो त्याच्या अलीकडे दुखणं आहे.

आता जोड कसा मारायचा ते सांगतो. आधी वायर मागे कापत जा. इन्सुलेशन सोलल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर अजून कापा, चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत. दहा-पंधरा सेंटीमीटर वायर गेली तरी जाऊ द्या, काळ्या तांब्यावर मारलेला जोड टिकत नाही. सात-आठ मिलिमीटर सोला आणि सोलताना एकही तार तुटू देऊ नका. मग मापाचा क्रिंपिंग जॉइंट घ्या, म्हणजे दोन्ही वायरी आत घालून दाबायची धातूची नळी, वर रंगीत प्लॅस्टिक असलेली. लाल दीड स्क्वेअर एमएमपर्यंत, निळा अडीचपर्यंत, पिवळा चार ते सहा. वायर बारीक म्हणून दुमडून मोठ्या जॉइंटात कोंबू नका. दाबायला रॅचेटचा क्रिंपिंग प्लायरच वापरा, पुरतं दाबल्याशिवाय तो सुटतच नाही. साध्या पकडीनं चेपलेला जॉइंट वरून चपटा दिसतो, आत तारा मोकळ्याच असतात. दाबून झालं की जोर लावून ओढा. निसटला तर बरंच झालं, तो रस्त्यावर निसटला असता.

त्यावर आतून गम असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवायची. जोड मारण्याआधीच ती वायरीत ओवून ठेवा, नाहीतर सगळं परत कापावं लागतं. हॉट एअर गननं मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे तापवत जा, कडेनं गमाचा थेंब बाहेर आला की थांबा. त्या गमामुळे पाणी आत शिरत नाही. टेप ऊन-पावसात सुटतोच, त्यामुळे माझ्याकडे टेपचं काम फक्त वायरी एकत्र बांधण्यापुरतं. पाच वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन बोटं पुढे-मागे घ्या.

कथील लावू का, असं काम शिकणारी पोरं विचारतात. कथील तारांमध्ये वर ओढलं जातं आणि ते जिथं संपतं तिथं वायर ताठ होते. ट्रॉली धक्के खाते, वायर हलते आणि नेमकी त्या ताठ जागी तुटते. कथील लावायचंच असेल तर वायर दोन्ही बाजूंनी पक्की क्लिपनं धरा. आणि कथील लावलेलं टोक स्क्रूखाली कधी दाबू नका. कथील मऊ, ते दबत जातं आणि स्क्रू ढिला होतो.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा. बहुतेक ट्रॉल्यांना निगेटिव्हची वायरच नसते, करंट हुकाच्या पिनेतून परत येईल असं धरलेलं असतं. त्या पिनेला ग्रीस, गंज, माती आणि दर खड्ड्याला धक्का. खूण अशी: इंडिकेटर दिला की टेललाइटही मिचकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो. अर्थ मिळेना की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वायरी जोडणाऱ्या सात पिनी सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन अर्थची, तिथून वेगळी वायर थेट शेवटच्या दिव्यापर्यंत न्या. चेसीला जोडायची तिथं रंग खरवडून लोखंड उघडं करा, लग (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) आणि दातेरी वॉशर घालून नट आवळा, वरून ग्रीस लावा. मग दिवे चालू ठेवून मीटरची एक टोची बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वाटेत कुठला तरी जोड किंवा वायर करंट अडवतेय, तिथवर शोधत जा.

सॉकेटचे नंबर आतल्या बाजूला कोरलेले असतात. १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. वायरीच्या रंगावर विसंबू नका, आधीच्या मिस्त्रीनं हाताला येईल ती वायर लावलेली असते.

वायरीच्या जाडीत काटकसर नको. ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत पंधरा मीटर धरा, येऊन-जाऊन तीस. ब्रेकचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात. पाऊण स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जातात आणि दिव्याचा उजेड निम्म्यावर येतो. दीडची वायर घेतली तर तोटा अर्धा होतो. मी दिव्यांना दीडची आणि अर्थला अडीचची घालतो, कारण अर्थमधून सगळ्यांचाच करंट परत येतो.

हाच हिशेब कॅम्पर गाडीलाही लागू. पुण्याचं एक जोडपं ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून कोकणात निघालं होतं. बॅटरी भरलेली, तरी रात्री फ्रिज बंद पडायचा. आत घरात वापरतात ती एकतारी वायर आणि स्क्रूची कनेक्टर पट्टी, तिचं प्लॅस्टिक एका जागी तपकिरी झालेलं. ६० वॅटचं उपकरण घरात २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेतं, गाडीत १२ व्होल्टवर पाच अँपिअर. जोडात ०.१ ओहमचा अडथळा असला तर घरात तो जाणवतसुद्धा नाही. गाडीत अर्धा व्होल्ट खातो आणि तिथं अडीच वॅट उष्णता तयार करतो. वर कॉम्प्रेसर सुरू होताना करंट क्षणभर वाढतो, व्होल्टेज पडतं आणि फ्रिज स्वतःला बंद करून घेतो. मी चार स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) वायर टाकली, टोकांना क्रिंप केलेले लग आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायरीची जितकी लांबी, तितका आगीचा धोका.

पत्र्यातून वायर जाईल तिथं भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (रबराची कडी) बसवा. हुकाजवळ वायर इतकी सैल ठेवा की पूर्ण वळण घेतलं तरी ताणली जाऊ नये आणि जमिनीला घासूही नये.

सगळं झालं की अंधार पडू द्या. इंजिन चालू, टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लावा आणि एकाला पन्नास पावलं मागे उभं करा. सगळे दिवे दिसतात असा तो आवाज देईपर्यंत ट्रॉली सोडू नका. पहिली खेप टाकून आली की प्रत्येक लग हातानं हलवून बघा.