सांबिसारीचे मंदिर पाहताना या चुका टाळा

जावा बेटावर योग्यकार्ता शहराच्या पूर्वेला सांबिसारी येथे 1966 साली शेतात काम करणाऱ्या एका शेतकऱ्याची कुदळ कोरीव दगडावर आदळली आणि त्यातून नवव्या शतकातील एक शैव मंदिरसमूह उजेडात आला. उत्खननानंतर त्याची पुनर्उभारणी 1987 मध्ये पूर्ण झाली. प्रांबानन या जावामधील प्रसिद्ध हिंदू मंदिरसमूहाला जाणारे मराठी पर्यटक आता इथेही थांबतात. मात्र आपल्याकडची मंदिरे डोळ्यांसमोर ठेवून पाहिले, तर या वास्तूचा अर्थ सहज चुकतो.

पहिली चूक खड्ड्याविषयीची आहे. मंदिराचे प्रांगण आजच्या जमिनीपासून सुमारे 6.5 मीटर खाली असल्यामुळे आणि तिथे पायऱ्यांनी उतरावे लागत असल्यामुळे, हे बांधकाम बारवेसारखे मुद्दाम खोलात केले असावे किंवा वेरूळच्या कैलासाप्रमाणे वरून खाली कोरत नेले असावे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे मंदिर अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे घडीव दगड रचून त्या काळच्या जमिनीवरच उभारलेले होते. मेरापी ज्वालामुखीची राख, वाळू आणि चिखल यांनी ते पुढे गाडले गेले. सभोवतालचे उतार आणि उतरायच्या पायऱ्या उत्खननानंतरच्या आहेत. सगळे मंदिर एकाच रात्रीत बुडाले, ही कथाही सरसकट मान्य करू नये, कारण या परिसरातील थर एकाहून अधिक उद्रेकांची साक्ष देतात.

दुसरी चूक दिशांची असून ती सर्वाधिक नुकसान करते. मुख्य मंदिर पश्चिमाभिमुख आहे, तर प्रांबाननचे शिवमंदिर पूर्वाभिमुख. दोन्हीकडे उत्तरेच्या देवकोष्ठात, म्हणजे बाहेरच्या भिंतीतील मूर्तीच्या कोनाड्यात, दुर्गा आणि दक्षिणेच्या देवकोष्ठात अगस्त्य आहेत. गणेश मात्र नेहमी पाठीमागच्या भिंतीत, म्हणजे इथे पूर्वेला आणि प्रांबाननला पश्चिमेला. त्यामुळे प्रदक्षिणा घालताना इथे प्रथम दुर्गा, मग गणेश आणि शेवटी अगस्त्य भेटतात, तर प्रांबाननला हाच क्रम उलटा होतो. ‘डावीकडची मूर्ती, उजवीकडची मूर्ती’ अशी टिपणे काढणाऱ्यांचा गोंधळ येथेच होतो; म्हणून होकायंत्र पाहून दिशाच लिहून ठेवाव्यात. गर्भगृहातील शाळुंकेची पन्हळ उत्तरेकडे आहे, ही खूण आपल्याला परिचयाचीच आहे.

तिसरी चूक म्हणजे जे दगडात उरले तेवढेच मंदिर होते, असे मानणे. गर्भगृहाच्या भिंतींभोवती, वरच्या प्रदक्षिणापथावर 12 तळखडे आहेत. ज्याने जुन्या वाड्यातील लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे असलेले पाहिले आहेत, त्याला त्यांचे प्रयोजन वेगळे सांगावे लागणार नाही. येथे लाकडी खांबांवर पेललेले छप्पर असावे, असे अभ्यासक मानतात, आणि मला तो तर्क पटतो. पथावर उभे राहून हे छप्पर मनात उभे करून पाहावे, मग 7.5 मीटर उंचीचे हे मंदिर उघडेबोडके वाटत नाही.

समोर ओळीने असलेले तीन चौथरे सभामंडपाचे अवशेष नव्हेत. ती स्वतंत्र उपमंदिरे होती. कालनिर्णयाबाबतही सावध राहावे: येथे मिळालेल्या सुवर्णपत्राचा, म्हणजे अक्षरे कोरलेल्या सोन्याच्या पत्र्याचा, नवव्या शतकाच्या आरंभाचा काळ त्यावरील अक्षरांच्या वळणावरून ठरवला आहे, त्यामुळे बांधकामाचे नेमके वर्ष सांगणाऱ्या माहितीवर विसंबू नये.