गोव्यात नव्याने आलात? तंबू मर्यादावेलीच्या अलीकडे लावा

नोकरीनिमित्त गोव्यात आलेल्या मराठी घरांतून पहिली दिवाळी सरली की एक प्रश्न हमखास येतो: मुलांना घेऊन एक रात्र समुद्राकाठी तंबूत राहायचंय, कुठे जाऊ? आम्ही कराडहून मडगावला आलो त्याला १७ वर्षं झाली. नदीकाठची माणसं आम्ही, समुद्र इथे येऊन शिकलो. कुठे जायचं हे मी सांगेनच, पण तंबू कुठे नाही लावायचा हे त्याआधी समजून घ्या.

आमच्या दुसऱ्या वर्षी डिसेंबरात काणकोणकडच्या एका किनाऱ्यावर आम्ही कोरडी, मऊ वाळू बघून तंबू लावला. पाण्यापासून चांगली तीस-चाळीस पावलं लांब. धाकटी तेव्हा तीन वर्षांची. रात्री साडेअकराला माझ्या पाठीखालची सतरंजी गार लागली. आधी वाटलं दव असेल. हात लावला तर खाली पाणी. दोन्ही मुलांना खांद्यावर टाकून आम्ही वर धावलो; चपला आणि एक पिशवी गेली. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि ती आम्हाला फक्त चांदण्यासाठी हवी होती.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराने मला हाताला धरून वर नेलं आणि वाळूवरची एक वेल दाखवली. आपट्यासारखी मधे चिरलेली जाड पानं, जांभळी फुलं, दोरखंडासारखे लांब पसरलेले ताणे. पान तोडलं की पांढरा चीक येतो. हीच मर्यादावेल. नेहमीची भरती जिथे थांबते तिथून ती सुरू होते, म्हणून हे नाव. वेलीच्या पलीकडचं समुद्राचं, असं समजायचं. वेलीवरही तंबू नको, कारण वाळूचे ढिगारे तीच धरून ठेवते. ती तुडवली की पावसाळ्यात किनारा खचतो. तंबू वेलीच्या अलीकडे, माडांच्या किंवा सुरूच्या आतल्या बाजूला. तोही थेट माडाखाली नाही. नारळ रात्रीचाही पडतो.

घरातलं पंचांग इथे फार कामाचं. पौर्णिमा-अमावस्येला आणि पुढचे दोन दिवस उधाण असतं; त्या तिथींना भरती साधारण अकरा-बाराच्या सुमाराला, दुपारीही आणि रात्रीही. मग ती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं. लहान मुलं असतील तर पहिली खेप अष्टमी-नवमीची धरा.

आता जागा. उघड्या किनाऱ्यावर परस्पर तंबू ठोकू नका. किनाऱ्यालगतची भाटं, म्हणजे माडांच्या बागा, कुणाच्या तरी मालकीच्या असतात. परवाना असलेली तंबूची ठिकाणं आहेत, ती घ्या. नाहीतर ओळखीतून भाटकाराला विचारा. दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका, ती इथली विश्रांतीची वेळ. आणि विचारताना कोंकणीतून विचारा, मोडकीतोडकी चालेल: "बाब, एक रात तंबू मारूंक जाता?" म्हणजे, एक रात्र तंबू लावता येईल का? निघताना "देव बरें करूं", म्हणजे आभार. मराठी बहुतेकांना कळते हे खरं, पण आपण त्यांच्या गावात आलोय. या चार शब्दांनी आम्हाला जेवढी माणसं दिली तेवढी पगारानेही दिली नाहीत.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे तंबूसाठी मनातून काढून टाका. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं निघायला सुमारे दीड-दोन महिने. अंधारात समुद्राची उजळ रेघ बघून ती पाण्याकडे जातात; तुमची बॅटरी पेटली की उलटी वळतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या कासवांना संरक्षण आहे. मुलांना दिवसा जरूर न्या, वन खात्याने कुंपण घातलेली घरटी लांबून दाखवा.

किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी आहे, दंड होतो. गाडी वाळूवर उतरवली तर गुन्हा. म्हणून चूल विसरा. मी दशम्या, लसणाची चटणी आणि सुकी बटाट्याची भाजी नेते. दोन वेळा निभावतं. सकाळी जवळच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्या.

तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, संध्याकाळच्या वाऱ्याने उपटतात. तांदळाच्या रिकाम्या पिशव्या वाळूने भरा, दोरी बांधा आणि कोपरभर खोल पुरा. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की सकाळी कापड पिळावं लागतं, तेव्हा वरून एक ताडपत्री हवीच.

पोहणं जीवरक्षक हजर असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झटू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. मुलांना हे पाण्यात जायच्या आधी, वाळूवर रेघा ओढून दाखवा. जून ते सप्टेंबर पाण्यात अजिबात नाही. १०८ ला रुग्णवाहिका मिळते, पण गावातून किनाऱ्यावर यायची वाट कोणती, हे दिवसाउजेडी बघून ठेवा.

पहाटे रापण लागली असेल तर मुलांना उठवा. दोरीला हात लावू का, असं आधी विचारायचं. नाही कुणी म्हणत नाही. माझ्या धाकटीने पहिला जिवंत बांगडा तिथेच हातात धरला. तंबू आवरताना पिशव्यांमधली वाळू मात्र तिथेच ओता, आणि वेलीपासून लांब.