चार कागद दुमडा, मग गोष्ट लिहा: मुलांचं चित्रपुस्तक कसं करायचं

एकोणीस वर्षं मी नाशिकमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, हा आमच्या पिढीतल्या चित्रकलेच्या बाईंचा ठरलेला रस्ता होता. सुट्टीत दिवाळी अंकांसाठी काळ्या शाईत चित्रं काढायची. शब्दही माझे आणि चित्रंही माझी, असं पहिलं पुस्तक मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षी झालं. आता कुणी ना कुणी वही घेऊन घरी येतं आणि विचारतं, "बाई, गोष्ट लिहून झालीय, चित्रांचं काय करू?"

प्रत्येकाला मी हेच सांगते, की गोष्ट अजून लिहून झालेली नाही. ए-फोरचे चार कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. ही झाली सोळा पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. पेन्सिलीनं पानांवर आकडे घाला आणि मग गोष्ट लिहायला बसा.

डमी आधी का, ते आकडे घातल्यावर लगेच कळतं. पान १ वर शीर्षक. पान २ वर श्रेय, प्रकाशक, आवृत्ती. गोष्ट सुरू होते पान ३ वर, म्हणजे उजव्या हाताला. मग ४-५ पासून १४-१५ पर्यंत सहा जोडपानं आणि शेवटी एकटं पान १६. म्हणजे तुमच्या गोष्टीत मूल सात वेळा पान उलटणार. या सात जागाच तुमच्या हातात आहेत. मोठ्यांच्या कथेत परिच्छेद बदलतो तसं इथं पान बदलतं, आणि ते मूल स्वतःच्या हातानं बदलतं. पान उलटण्याआधी त्याच्या मनात प्रश्न हवा आणि उलटल्यावर उत्तर दिसायला हवं. सातपैकी चार ठिकाणी तरी हे जमलं नाही तर गोष्ट कितीही छान असली तरी मांडीवरचं मूल उठून जातं. मी हे होताना पाहिलंय.

माझ्याच एका पुस्तकावरून सांगते, म्हणजे नीट समजेल.

मी पंचवटीत वाढले. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येते' असंच म्हणतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? घाटावर उभा असलेला हा मारुती आमची पूर मोजायची पट्टी आहे. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टात मोठा पूर आला तेव्हा मी पुलावर गर्दीत उभी होते. शेजारी एक बाई फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या, "अहो आई, अजून वाढतंय!" पलीकडची म्हातारी घरात बसून नातेवाइकांकरवी पूर पाहत होती. पुस्तक तिथंच सापडलं. आजीचा पाय दुखतोय, तिला गंगेवर जाता येत नाही, म्हणून ती नातीला पुन्हापुन्हा विचारते.

पहिला खर्डा मी वहीत लिहिला, डमीशिवाय. त्यात असं होतं: "त्या दिवशी आकाशात काळेकुट्ट ढग जमले होते. नदीचे गढूळ पाणी रोंरावत वाहत होते आणि घाटावरील दुकानदार घाईघाईने आपले सामान हलवत होते." शाळेच्या निबंधात याला चांगले गुण मिळाले असते. चित्रपुस्तकात यातलं एकही वाक्य लागत नाही, कारण ढग, गढूळ पाणी आणि दुकानदार हे सगळं मी रंगवणारच आहे. तेच शब्दांतही सांगितलं तर मुलाला शोधायला काहीच उरत नाही. शेवटी त्या जागी एवढंच राहिलं:

"मारुती कुठवर?" आजीनं विचारलं.

हा प्रश्न उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आणि उत्तर पान उलटल्यावर. ४-५ वर घोटा, ६-७ वर गुडघा, ८-९ वर कंबर, १०-११ वर छाती. तिसऱ्या वेळी ऐकणारी मुलं माझ्याआधी "मारुती कुठवर?" ओरडतात. नऊशे शब्दांचा खर्डा पावणेदोनशेवर आला. दोन महिने गेले त्यात, आणि त्यातला एकही दिवस चित्र काढण्यात गेला नव्हता.

शब्द कापताना एक काम करा. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीनं 'दिसतं' किंवा 'ऐकू येतं' असं लिहा. जे दिसतं ते चित्राकडे द्या. जे ऐकू येतं, म्हणजे बोलणं, आवाज, हाक, ते शब्दांत ठेवा. वास आणि चव यांसाठीही शब्दच लागतात. उलट बाजूनं, शब्दांत अजिबात नसलेलं काहीतरी चित्रात घाला. माझ्या पुस्तकात एक मांजर आहे. पाणी वाढतं तशी ती पायरी-पायरीनं वर चढते. तिच्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. ज्याला अजून वाचता येत नाही त्या मुलाला या मांजरीमुळे वाचणाऱ्या मोठ्या माणसाच्या पुढे जाता येतं, आणि हा आनंद त्याला मिळालाच पाहिजे.

भाषेचं एक आधीच ठरवा: पुस्तक मोठ्यांनी मुलाला वाचून दाखवायचं आहे, की मुलानं स्वतः वाचायचं आहे? नव्यानं वाचणाऱ्यासाठी असेल तर जोडाक्षरं टाळावी लागतात, वाक्य चार-पाच शब्दांचं लागतं. वाचून दाखवायचं असेल तर अवघड शब्दाला घाबरू नका. 'दुतोंड्या' हा शब्द काढा, असं मला एकीनं सुचवलं होतं. मी ठेवला. मुलं तो शब्द तोंडात घोळवतात, शेजारच्याला चिडवायला वापरतात. आणि 'आले-गेले' लिहायचं की 'आलं-गेलं' हा प्रश्न असेल तर मोठ्यानं वाचून पाहा. घरात जसं बोलता तसं लिहा.

आता चित्रं. बसून आठवणीतून काढलेली माणसं सगळी एकसारखी निघतात, म्हणून बाहेर पडा. मी बुधवारी गंगेवरच्या बाजारात वही घेऊन बसते. भाजीवाली मावशी पैसे कनवटीला लावताना खांदा कसा वळवते, पोरगं आईच्या पदराला कसं लोंबकळतं, हे घरी बसून सुचत नाही. तिथं पाच मिनिटांची रेखाटनं करा, रंग भरू नका. घरी आल्यावर मुख्य पात्र एका कागदावर समोरून, मागून, बाजूनं, बसलेलं, पळणारं, रडणारं असं काढून भिंतीवर लावा. मुलं फ्रॉकची बटणं मोजतात. पान ४ वर चार आणि पान ९ वर तीन असतील तर ती बोट ठेवून दाखवतात.

डमीत आधी काडीची माणसं पुरतात. कुठं लांबून दिसतं, कुठं अगदी जवळून, हे बघा. सलग तीन पानांवर माणसं तेवढीच मोठी असतील तर डोळा थकतो. शब्दांची जागाही आत्ताच रिकामी सोडा. चित्र पूर्ण झाल्यावर आकाशात कुठंतरी मजकूर कोंबायची वेळ येऊ देऊ नका.

डमी तयार झाली की ती मुलांना वाचून दाखवा, आणि स्वतःच्या मुलांना नको, ती तुमच्यावर प्रेम करतात. मी एका अंगणवाडीत जाते. 'आवडलं का?' असं विचारायचं नाही. मुलं 'हो' म्हणतात आणि काही कळत नाही. कुठं चुळबुळ झाली, कुठं पुढं सरकली, कुणी मागचं पान परत उघडायला लावलं, एवढंच बघायचं आणि बाहेर आल्यावर डमीवर लिहून ठेवायचं. चार वर्षांच्या एका मुलीनं १२-१३ वर मला थांबवलं. "मांजर कुठे गेली?" त्या जोडपानावर सगळं पाणीच पाणी होतं आणि मी मांजर काढायला विसरले होते. तिचा चेहरा रडवेला झाला होता. रात्री घरी येऊन मी देवळाच्या शिखराशी मांजर बसवली.

छपाईचं थोडं सांगितलंच पाहिजे, कारण इथं माझं नुकसान झालंय. मध्ये पिना मारलेल्या पुस्तकात पानांची संख्या चारच्या पटीत लागते आणि फक्त मधलं जोडपान, आपल्या डमीत ८-९, हा एक सलग कागद असतो. बाकीची जोडपानं दोन वेगवेगळ्या कागदांची असतात, ती छापताना-कापताना एक-दोन मिलिमीटर सरकू शकतात. मला हे माहीत नव्हतं. मारुतीचं एक तोंड डाव्या पानावर, दुसरं उजव्या पानावर आणि घडीवर त्याचं अंग, अशी माझी लाडकी कल्पना मी १०-११ वर रंगवली. छापून आलं तेव्हा छाती दुभंगल्यासारखी दिसत होती. पुढच्या आवृत्तीत ते चित्र ८-९ वर घेतलं आणि कंबर-छातीचा क्रम त्यासाठी नव्यानं बसवला. घडीवर चेहरा, हात, अक्षर कधीच येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट शेंदरी रंगाची. ऑफसेट छपाईत चित्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून छापलं जातं. झगझगीत शेंदरी, पोपटी, गडद जांभळा हे रंग त्यात कागदावरच्यासारखे उतरत नाहीत. माझा मारुती विटकरी झाला होता. आता मी मूळ चित्रातच शेंदरीच्या भोवती राखाडी निळं पाणी ठेवते. शेजारी थंड रंग असला की मंदावलेला शेंदरीही उठून दिसतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, हातात आलं की ते ट्यूबलाइटखाली न बघता दिवसाउजेडी दारात उभं राहून बघा.

उरलेलं झटपट सांगते. चित्र छापायच्या आकाराचं किंवा थोडं मोठं काढा, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त रंगवा, कारण कडा कापल्या जातात. स्कॅन छापायच्या आकाराला किमान ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवं. फोनवर काढलेला फोटो चालत नाही. अक्षरं चित्रात हातानं लिहू नका, वेगळी टाइप करून घ्या, नाहीतर दुसऱ्या भाषेत पुस्तक जाताना चित्र पुन्हा काढावं लागतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि अर्धी अक्षरं जागा सोडतात, म्हणून डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, झाल्यावर प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचा.

प्रकाशकाकडे काय पाठवायचं? पूर्ण डमी आणि फक्त दोन रंगवलेली जोडपानं. सगळी चित्रं आधीच रंगवून बसू नका, संपादक बदल सुचवणार आणि ते बहुधा योग्य असतात. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची वीस पुस्तकं तरी वाचा. मी १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून वाचली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मुलांसाठी काढलेली चित्रं कशी बदलत गेली ते दाखवतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. सोबत डमी ठेवा आणि त्यांतली पान उलटायची जागा मोजा.

आणि करारनामा वाचा. सुरुवातीला मी एका प्रकाशकाला सहा पुस्तकांची चित्रं एकरकमी पैसे घेऊन दिली. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीखाली सही केली. पुस्तकं वर्षानुवर्षं छापली जात राहिली, मला पुन्हा एक रुपया आला नाही आणि मूळ चित्रंही परत मिळाली नाहीत. त्या चित्रांची आठवण अजून टोचते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेखक-चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं असतो. म्हणून मुदत, भाषा, छापील की डिजिटल, रॉयल्टीचा दर आणि मूळ चित्रं किती दिवसांत परत, या पाच गोष्टी कागदावर असल्याशिवाय सही करू नका. रॉयल्टीवर घर चालेल असं धरू नका. माझं चालत नाही. पाठ्यपुस्तकांची चित्रं आणि उन्हाळी कार्यशाळा यांवर वर्ष निघतं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, भारतात मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

डमी पाठवल्यावर उत्तराला महिने लागतात. तोवर पुढचे चार कागद दुमडा. माझ्या टेबलावर सध्या द्राक्षाच्या बागेतली एक गोष्ट आहे. रात्री थंडी वाढते, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि एक मुलगा बापासोबत पहिल्यांदा जागा राहतो. पान ११ वर तो अंधारात काहीतरी ऐकतो. पान १२ वर काय दिसतं, ते अजून सापडलेलं नाही. शनिवारी निफाडला एका ओळखीच्यांच्या बागेत रात्रभर बसायला जाणार आहे.