सारखी पडते म्हणून आरसीसीबी काढू नका

गेल्या श्रावणात खेर्डीत एका घरी गेले होते. डीबीचं, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडलं. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा खटका, जागेवर होती, पण तिच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला तारेचे तुकडे मारून लाइन सरळ पुढे नेलेली. "पावसात सारखी पडायची हो, म्हणून मागच्या वायरमनने सोय करून दिली," वहिनी म्हणाल्या. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तर गिझरचं एलिमेंट पार गेलेलं. आरसीसीबी खरं तेच सांगत होती आणि तिचंच तोंड बंद केलं होतं. त्याच बाथरूममध्ये त्यांची दोन मुलं रोज आंघोळ करत होती.

मी चिपळूणला वडिलांच्या हाताखाली वायरिंग शिकले आणि आता त्यांचंच काम पुढे चालवते. आरसीसीबी घ्यायची म्हटलं की गिऱ्हाईक पहिला प्रश्न कंपनीचा विचारतं. माझ्या मते तो शेवटी यावा. आधी कुठली, किती आणि कशी जोडायची, हे ठरवा.

त्याच्याही आधी एका शंकेचं उत्तर देते, कारण तिच्यावरच बहुतेक जण अडतात: "आमच्याकडे चांगलं अर्थिंग आहे, एमसीबी आहेत, मग ही कशाला?" (एमसीबी म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटला पडणारा खटका.) आमच्याकडे जांभा दगड. एप्रिल-मे महिन्यात अंगणातल्या अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजला तर ४० ओहम सहज भरतो. समजा गिझरच्या टाकीला फेज चिकटला. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर करंट जमिनीत जाईल. गिझरची एमसीबी १६ अँपिअरची. ती पडणारच नाही. टाकी, नळ, शॉवर तसेच जिवंत राहतील आणि घरात कुणाला पत्ता लागणार नाही. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी मात्र तेवढ्या गळतीला डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाइन तोडते.

ती हे करते कसं? फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच लोखंडी कड्यातून जातात. जितका करंट फेजमधून गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर कड्यात काहीच उरत नाही. थोडा जरी जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गेला, तर हिशोब चुकतो आणि खटका पडतो. यातून दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, शॉक बसतोच, तो किती वेळ बसेल एवढंच आरसीसीबीच्या हातात असतं. दोन, एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल, तर तिला तुम्ही म्हणजे एक बल्ब वाटता. तिथे ती वाचवत नाही. आणि अर्थिंगच नसलेल्या जुन्या घरात ती बसवली तर काम करते, पण गळतीला दुसरी वाट नसल्यामुळे कुणी हात लावल्यावरच पडते. म्हणून तिथे ती आधी बसवा, पण अर्थिंगचं काम टाळू नका.

आता आकडे. आरसीसीबीवर दोन आकडे असतात आणि दुकानात त्यांचा हमखास घोळ होतो. २५, ४० किंवा ६३ अँपिअर म्हणजे ती किती लोड वाहू शकते. दुसरा, ०.०३ अँपिअर असा छापलेला, म्हणजेच ३० मिलीअँपिअर, किती गळतीला पडेल ते सांगतो. माणसाचा जीव वाचवायचा तर ३० च घ्या. १०० आणि ३०० ची येते ती मुख्यतः आगीपासून बचावासाठी, मोठ्या इमारतीच्या मेनला. "३० ची पडते, १०० ची लावू का?" असं कुणी विचारलं तर मी स्पष्ट नाही म्हणते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० मिलीअँपिअर जाऊ शकतो, पण पायात चप्पल असेल, फरशी अर्धवट कोरडी असेल तर साठ-सत्तरच जाईल. तेवढाही जीव घ्यायला पुरेसा आहे आणि १०० ची आरसीसीबी तेव्हा शांत बसू शकते.

लोडचा आकडा तिच्या आधीच्या मेन एमसीबीइतका किंवा त्याहून जास्त हवा. मेन ३२ चा असेल तर ४० ची आरसीसीबी. कारण ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटला ती स्वतः पडत नाही, ते काम एमसीबीचं. दोन्ही कामं एकातच हवी असतील तर आरसीबीओ मिळते, महाग पडते.

मग टाइप. बॉडीवर चौकटीत नुसती नागमोडी रेघ असेल तर टाइप एसी. त्या रेघेखाली अर्ध्या लाटांची खूण असेल तर टाइप ए. टाइप एसी म्हणजे एअर कंडिशनरसाठीची, असं समजून लोक ती मागून नेतात. तसं नाही. ती फक्त साध्या उलटसुलट करंटची गळती ओळखते. आजची वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर एसी यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्यांची गळती तुटक, एकाच दिशेची असू शकते. ती टाइप एसीला नीट दिसत नाही. नवीन घराला मी आता फक्त टाइप ए लावते.

आणखी एक पारख वडिलांनी शिकवलेली. काही आरसीसीबी आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालतात आणि त्या पट्टीलाच वीज लागते. आमच्याकडे वादळात झाड पडून नुसता न्यूट्रल तुटतो. फेज घरात जिवंत आणि आरसीसीबी मात्र मेलेली, ही सर्वांत वाईट वेळ. म्हणून विद्युतचुंबकीय प्रकारची घ्या. दुकानातच ओळखायचं असेल तर कुठलीही लाइन न जोडलेली नवी आरसीसीबी ऑन करून दीड व्होल्टचा सेल दोन छोट्या तारांनी एकाच पोलच्या (फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकाच वाटेच्या) वरच्या आणि खालच्या टोकाला टेकवा. पडली तर ठीक. नाही पडली तर सेल उलटा करून पाहा. तरीही हलली नाही तर दुसरी मागा. आयएसआय खूण आणि आयएस १२६४० हा क्रमांक बॉडीवर असलाच पाहिजे.

खरी मेख जोडणीत आहे. माझ्याकडे "सारखी पडते" म्हणून येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त न्यूट्रलच्या असतात. घरात दोन आरसीसीबी लावल्या आणि दोघींचे न्यूट्रल एकाच लिंकवर (न्यूट्रलच्या तारा बांधायच्या पट्टीवर) बांधले, की पंखा लावला तरी पडणार. प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक हवी. एखाद्या बोर्डात न्यूट्रल अर्थच्या तारेला टेकला असेल तरी तेच. इथे एक फसगत होते: सगळ्या एमसीबी बंद केल्या तरी ती पडते, म्हणून आरसीसीबीच खराब ठरवतात. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मेन बंद करून लिंकवरचे न्यूट्रल एकेक सोडवत जा, दोषी सर्किट सापडतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

दुसरं कारण, थोडी थोडी गळती साठणं. ३० ची आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकते. फ्रिज, कॉम्प्युटर, चार्जर, सगळ्यांची चिमूटभर गळती असतेच. नेहमीची गळती ९-१० मिलीअँपिअरच्या वर गेली की पहिल्या पावसात ओल आली की खेळ सुरू. म्हणून अख्ख्या घराला एकच लावू नका. मी तीन वाटे करते: बाथरूम आणि पाण्याची कामं एकीवर, दिवे-पंखे दुसरीवर, विहिरीची मोटर आणि बाहेरचे दिवे तिसरीवर. सबमर्सिबलची केबल पाण्यात भिजून गळायला लागली तर किमान फ्रिज बंद पडत नाही. थ्री फेज मीटर असेल तरी घरासाठी एक चार पोलची घेण्यापेक्षा प्रत्येक फेजला दोन पोलची बरी, नाहीतर एका गिझरपायी सगळं घर अंधारात.

घरी इन्व्हर्टर असेल तर हे वाचाच. आरसीसीबी पडली की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो बॅटरीवरून आपल्या सर्किटला २३० व्होल्ट देतच राहतो. म्हणून इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळी ३० ची आरसीसीबी आणि वेगळी न्यूट्रल लिंक लागते. हे सांगूनही बहुतेक जण खर्च नको म्हणतात. मी तरी सोडत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घराघरांतल्या डीबीपर्यंत चढलं. नंतर कितीतरी आरसीसीबी वाळवल्यावर बटण दाबलं की पडतही होत्या. लोक म्हणाले, चालतेय की. पण आत चिखलाचा थर बसलेला असतो आणि खटका उद्या अडकला तर कळणार कसं? पाण्यात बुडालेली प्रत्येक आरसीसीबी मी बदलायला लावली. पुरात सगळं गेलेल्या घरांना हा खर्च सांगताना जीव तुटायचा.

टी अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबा. विसरू नये म्हणून मी गिऱ्हाइकांना संकष्टी सांगते, ती दर महिन्याला येते आणि कॅलेंडरवर ठळक असते. दाबल्यावर खटका पडायलाच हवा. लाईट असूनही नाही पडला, तर दुसऱ्यांदा दाबत बसू नका. त्या आरसीसीबीवरचा गिझर आणि वॉशिंग मशीन बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलावून ती बदलून घ्या.