कुंडीवरचे काचेचे मोझॅक पावसात सुटत होते, शेवटी असे टिकले

गॅलरीतल्या मातीच्या कुंडीवर क्रॉफर्ड मार्केटमधनं आणलेले काचेचे तुकडे लावलेले, पण जून आला की एकेक पडायला सुरुवात, आणि मागे गोंद पांढरा, बुळबुळीत. जास्त गोंद लावून पाहिला, ग्राउट (तुकड्यांमधल्या फटी भरायचा सिमेंटसारखा लगदा) दोनदा भरलं, वरनं वॉर्निश मारलं. तिसऱ्यांदा पडले तेव्हा कुंडी भंगारवाल्याला द्यायचीच बाकी होती.

घोळ आतल्या पाण्याचा निघाला. भाजलेली माती पाणी शोषते, ते बाहेर झिरपतं आणि सुतारकामाचा पांढरा गोंद ओलाव्याने परत मऊ होतो.

मग कुंडी रिकामी करून आठवडाभर सुकवली (हे काम मे महिन्यातच करा), जुना गोंद खरवडून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, धूळ पुसली. आतून वॉटरप्रूफिंगचे २ हात, पहिला सुकल्यावरच दुसरा, तळाचं भोक मात्र उघडं ठेवायचं. काचेची मागची बाजू स्पिरिटने पुसली, बोटांचं तेलसुद्धा नडतं. नंतर दोन ट्यूबवालं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद), दोन्ही समान घेऊन, एका वेळी ५-६ तुकड्यांपुरतंच कालवायचं, नाहीतर कालवता कालवता दगड होतो, माझा एक डबा असाच गेला. तुकड्यांमध्ये २-३ मिमी फट. २४ तास हात नाही लावला. मग ग्राउट टूथपेस्टइतकं घट्ट कालवून फटीत दाबलं, १५-२० मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसलं, ३ दिवसांनी सीलर (पाणी आत शिरू न देणारा थर), मगच माती भरली.

अख्खा पावसाळा गेला, एकच तुकडा निघाला, तोही कावळ्याने टोचून टोचून.