प्लावक बल वजनकाट्यावर कसं दाखवायचं

पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर रेटतं, ते प्लावक बल. वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकंच ते असतं, हे आर्किमिडीजचं तत्त्व. आठवीच्या वर्गात मी ते फळ्यावर लिहिण्याआधी टेबलावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मांडते. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा आणि पाच किलो पेलणारा साधा काटा पुरतो. त्यासोबत एक पसरट पातेलं, नदीतला एक काळा गोटा, सुतळी आणि स्टीलची वाटी घ्या. घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांनाही एवढ्या सामानात सगळं जमेल.

पातेल्यात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरा, ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता मुलाला सांगा, एक बोट पाण्यात बुडव, पण तळाला किंवा कडेला लावू नकोस. आकडा दहा-पंधरा ग्रॅमने वर जातो. बोट कशालाही टेकलेलं नाही, तरी काट्यावर भार वाढला. इथे घाई करू नका. हा भार आला कुठून, याचा मुलांना भरपूर विचार करू द्या. 'पाण्यात वस्तू हलकी होते' हे त्यांना पाठ असतं. पण कमी झालेला भार गेला कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पाणी बोटाला वर रेटतं, तेवढ्याच जोराने बोट पाण्याला खाली रेटतं, आणि तो रेटा पाणी, पातेलं असं करत काट्यापर्यंत पोचतो. न्यूटनचा तिसरा नियम इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग गोटा. आधी तो कोरडा तोलून घ्या. माझ्याकडचा गोटा 420 ग्रॅमचा आहे. सुतळीला बांधून तो पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा, हातानेच धरून ठेवा. आकडा 150 ने वाढतो. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅमचं, म्हणजे गोट्याने 150 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं आणि त्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल त्याच्यावर लागलं. हाताला जाणवणारा भार उरला 270 ग्रॅमचा. सामान तोलायचा लटकता काटा घरात असेल तर सुतळी त्याला अडकवून ताडून पाहा. 420 ला 150 ने भागलं की 2.8, ही गोट्याची सापेक्ष घनता, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा तो किती पट जड. आपल्या काळ्या पाषाणाची ती साधारण एवढीच भरते. आकडा विचित्र आला, तर गोटा तळाला टेकला असेल किंवा त्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील. काही काटे थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात, तेव्हा मांडणी आधी नीट करून ठेवा.

आता गोटा आणखी खोल सोडा. त्याआधी मुलांचा अंदाज विचारा. बहुतेक जण म्हणतील, खोलवर दाब जास्त, म्हणून बलही जास्त. काटा मात्र 150 वरच राहतो. माझ्या मते सगळ्या धड्याचं मर्म इथेच आहे, म्हणून इथे वही-पेन्सिल घ्यायला लावा.

दहा सेंटिमीटर बाजूचा एक घन पाण्यात आहे असं धरा. त्याची वरची बाजू 20 सेंटिमीटर खोल, खालची 30. मीटरमधली खोली, पाण्याची घनता 1000 आणि गुरुत्व त्वरण 9.8 यांचा गुणाकार म्हणजे त्या खोलीवरचा दाब. वर तो 1960 पास्कल, खाली 2940. दाबाला क्षेत्रफळाने गुणलं की रेटा मिळतो. बाजूचं क्षेत्रफळ 0.01 चौरस मीटर, म्हणून वरून खाली 19.6 न्यूटन आणि खालून वर 29.4 न्यूटन. हवेचा दाब वर-खाली सारखाच, तो सोडून देऊ. फरक 9.8 न्यूटन, म्हणजे बरोबर एक लिटर पाण्याचं वजन. घन आणखी एक मीटर खाली न्या, दोन्ही रेटे 98 न्यूटनने वाढतील, फरक तोच राहील. प्लावक बल म्हणून पाण्यात वेगळं असं काही नसतं, खालचा रेटा आणि वरचा रेटा यांतला हा फरकच ते. आजूबाजूचे रेटे एकमेकांना रद्द करतात. चिखलात रुतलेली होडी उचलणं इतकं जड का जातं, हेही यावरून कळतं. तिच्या बुडाखाली पाणी शिरत नाही, मग खालून रेटा येणार कसा?

वाटीचा प्रयोग दोन मिनिटांचा आहे. 80 ग्रॅमची रिकामी वाटी तरंगत ठेवा, काटा पूर्ण 80 ने वाढतो. तीच वाटी पाणी भरून बुडवा आणि दोऱ्याने अधांतरी धरा, वाढ जेमतेम दहा ग्रॅम. पोलाद तेच, वजन तेच. फक्त बाजूला सारलेलं पाणी बदललं. पोलादी जहाज तरंगतं ते वाटीच्याच न्यायाने. मालवाहू जहाजांच्या कुशीवर भाररेषेच्या, म्हणजे जहाज कुठवर बुडू द्यायचं हे दाखवणाऱ्या, खुणा रंगवलेल्या असतात. ब्रिटनने 1876 साली, तिथले खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांच्या लढ्यानंतर, त्या कायद्याने सक्तीच्या केल्या. या खुणांमध्ये गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर असते. समुद्राच्या एका लिटरचं वजन साधारण 1.025 किलो, म्हणून तेवढाच माल घेऊन गोड्या पाण्यात शिरलेलं जहाज जरा जास्त बुडतं.

शेवटी मुलांना विहिरीचं गणित घाला. पोहायला शिकताना पाठीला पूर्वी सुका भोपळा बांधत, आता प्लास्टिकचा कॅन बांधतात. पाच लिटरचा बंद कॅन पूर्ण बुडाला तर पाच किलो पाण्याच्या वजनाइतकं बल वर लागतं. त्यातून कॅनचं स्वतःचं वजन वजा करा. आपलं शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचं असल्याने डोकं वर ठेवायला एवढा आधार सहसा पुरतो. पण हे गणित कॅनमध्ये हवा आहे तोवरच खरं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी झाकण घट्ट लावून कॅन बादलीत दाबून धरा, बुडबुडे आले तर तो कॅन बाजूला ठेवा, आणि काठावर पट्टीचा पोहणारा असल्याशिवाय मुलाला विहिरीत उतरवू नका.